सुटलेल्या तक्रारीची जागा

मी मूळची पत्रकवाली. डोंबिवली स्टेशनबाहेर पत्रकं वाटत मोठी झालेली. पत्रकात काहीही लिहा, ते मुकाट छापून येतं, उलट विचारत नाही. म्हणूनच वेबसाइट बनवताना जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं.

काम साधं होतं. कारखान्यांच्या पट्ट्यात कुणाचे तरी टँकर नाल्यात रसायन ओततात, संध्याकाळी डोळे चुरचुरतात, नळाला मधूनच लालसर पाणी येतं. अर्ज द्या, पोच घ्या, विसरून जा. आम्ही पाचसहा जणांनी ठरवलं, सगळे अर्ज वेबसाइटवर टाकायचे आणि प्रत्येकापुढे त्याची आजची अवस्था लिहायची. आमच्यात प्रोग्रामर एकच. तो म्हणाला, रस्ट नावाच्या भाषेत करू. मी म्हटलं, कशातही कर, लवकर कर.

"आतलं मी लिहितो, पानं तू लिही," तो म्हणाला.

पानं म्हणजे एचटीएमएलचे साचे, टेम्प्लेट. पत्रकात आपण ‘अर्जदाराचे नाव’ लिहून पुढे टिंबं सोडतो ना, तसंच. इथे टिंबांच्या जागा प्रोग्राम भरतो. फरक एवढाच, की टिंबं रिकामी राहिली तरी पत्रकांचा गठ्ठा वाटला जातो. इथे मी त्याने आत न ठेवलेली माहिती मागितली, की कंपायलर वेबसाइट तयारच करत नसे. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं तपासून त्याचा चालता प्रोग्राम करणारा. पान उघडायच्या आधीच तो अडवायचा. पहिला आठवडाभर मी त्याला सरकारी कारकून म्हणून शिव्या घातल्या.

तक्रारीच्या अवस्थांची यादी मी दिली: नोंद झाली, दखल नाही, टोलवाटोलवी, खोटं उत्तर.

"आणि सुटलेली?" त्याने विचारलं.

"काय सुटलेली?"

"तक्रार गं. काम होऊन सुटली तर काय दाखवायचं?"

"कुठल्या देशात राहतोस रे तू?"

तो हसला आणि त्याने चारच लिहिल्या.

आमची मोठी साक्षीदार म्हणजे शीळफाट्याकडच्या एका गावातली मावशी. नाल्यात पाइप सोडून उभा असलेला टँकर तिने बांधावरून पाहिलेला, आणि घरी जाऊन त्याचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. सोमवारी कचेरीत या तक्रारींवर सुनावणी होती. ती आली नाही, तर आमच्याकडे नुसता वास उरला असता. रविवारी सकाळी तिला वेबसाइट दाखवायला मी ऐटीत गेले.

तिने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून वाचलं. टँकरची तक्रार वाचून मान हलवली. बोट पुढच्या ओळीवर थांबलं.

"ही बी माजीच ना गो? नलाच्या पान्याची?"

"हो मावशी."

"म्होरं काय लिवलंय? दखल नाय?" तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगो, तो कचेरीतला सायब आलावता ना. चार दिसात पाइप बदलला. मी त्याला च्या पाजली."

"मावशी, पण त्याआधी किती महिने—"

"मंग तसा लिव. इतके महिने नाय आला, मंग आला. माजे नावाखाली खोटा नको. उद्या तोच सायब समोर बसंल, माज्याकडं बघंल. खोटा ऱ्हायला तर मी नाय येयाची."

"आणि टँकर?"

"टँकर खरा हाय गो. म्हनून तर सांगतंय."

‘दखल नाही’ मीच निवडलेलं होतं. यादीत दुसरं काही नव्हतं, आणि यादीही माझीच.

दुपारी प्रोग्रामरच्या घरी गेले. त्याने यादीत पाचवा शब्द घातला: सुटली. एका ठिकाणी, एक शब्द. मग प्रोग्राम तयार करायला लावला, तर पडदा लाल ओळींनी भरला.

"बिघडवलंस ना?"

"बिघडलं नाहीये. वाच तरी."

वाचलं. कंपायलर सांगत होता: तक्रार सुटलेली असेल तर इथे काय दाखवायचं, ते लिहिलेलं नाही. आणि ‘इथे’ म्हणजे कुठे, तेही. तक्रारीचं पान. मुख्य यादी. नकाशा. महिन्याचा गोषवारा. अर्जदाराला जाणारा ईमेल. सुनावणीसाठी छापायचा कागद. सहा जागा. मी लिहिलेल्या, आणि त्यातल्या दोन तर मी विसरूनही गेलेले. सहाही ठिकाणी मी गृहीत धरलेलं, की कुणाचं कधी काही सुटणारच नाही. इतक्या सभा, इतकी भांडणं झाली. माझा आंधळेपणा असा जागा दाखवून कुणी समोर ठेवला नव्हता.

"घाई असेल तर सोपं आहे," तो म्हणाला. "‘बाकी काहीही असेल तर’ अशी एक ओळ टाक, गप्प बसेल तो."

ती ओळ मी ओळखते. कचेरीत तिला ‘इतर’ म्हणतात. आमचे अर्धे अर्ज त्याच रकान्यात मेलेत.

"नको. एकेक लिहिते."

एकेक टेम्प्लेट उघडलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर लाल मजकूर कमी होत गेला. सहावी जागा भरली आणि पडदा शांत झाला. पान उघडलं. मावशीच्या नावापुढे: ‘सुटली. अर्जानंतर अकरा महिन्यांनी पाहणी, पाहणीनंतर चार दिवसांत दुरुस्ती.’ माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा ही ओळ जास्त बोचरी होती, आणि खरी होती.

सोमवारी मावशी कचेरीच्या पायऱ्यांपाशी भेटली. मी छापलेला कागद दिला. तिने बोट धरून वाचायला घेतलं. पाण्याच्या ओळीशी मान डोलावली. वाटलं, झालं. बोट खाली सरकत शेवटच्या ओळीवर गेलं.

"आन ह्यो खालचा?"

‘वरीलपैकी एकाही तक्रारीची दखल घेतली गेलेली नाही.’ ही ओळ कधीतरी जोशात मीच टेम्प्लेटच्या तळाला टाइप केलेली. कंपायलर रिकाम्या जागा बघतो. माझी भरलेली वाक्यं बघणं त्याचं काम नाही. पिशवीतून पेन काढलं, पायरीवर बसले आणि सगळ्या प्रतींवर ती ओळ खोडली. मावशी शेजारी उभी राहून एकेक प्रत बघत होती.

"ऱ्हायली नाय ना एखादी?"

"नाही मावशी."

"मंग चल."

वर तो साहेब होताच. त्याने मावशीला नमस्कार केला. तिनेही केला, मग पिशवीतून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढून टेबलावर ठेवलं आणि टँकरचा नंबर पानाकडे न बघता मोठ्याने सांगितला. तो साहेबाला लिहून घ्यावा लागला.

टँकरची तक्रार आजही ‘नोंद झाली’ याच अवस्थेत आहे. ती सुटली तर काय दाखवायचं, ते सहाही ठिकाणी लिहून ठेवलंय.