माकडाला दिलेली दोन घरं

फोन आला तेव्हा मी मुंबईला ऑफिसात होतो आणि पडद्यावरच्या एका बेडकाची उडी नीट करत होतो. नाना, म्हणजे माझे मेहुणे, फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "रमण, निघ. कमल गेली," एवढंच म्हणाले. जळगावला पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते... अक्काच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. खुळ्यासारखं मला वाटत राहिलं, की कुणीतरी तो लावायला हवा, नाहीतर तिला टाके दिसायचे नाहीत. त्याला आता पाच आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायला रोज बसतो, आणि जे लिहायला हवं ते सोडून बाकी सगळं लिहून उठतो.

कमलअक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही दोंडाईच्याचे, घरची बोली अहिराणी. लग्न होऊन ती जळगावला आली, आणि पुढे डिप्लोमासाठी मी तिच्याच घरी राहायला आलो. नाना डाळमिलमध्ये होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवरसुद्धा डाळीची भुकटी असायची. अक्का सकाळी पुढच्या खोलीत मुलींचा भरतकामाचा क्लास घ्यायची. तिचा खास हातखंडा फुलीच्या टाक्यात. कापडाचे धागे मोजायचे आणि प्रत्येक चौकोनात एक फुली घालायची, की दुरून पाहिलं तर मोर दिसतो. मुली मोजताना चुकायच्या, अक्का चुकायची नाही. बोलता बोलता, भाजी निवडता निवडता तिची मोजणी आत कुठेतरी चालूच असायची. मी तिला "चालतं-बोलतं मीटर" म्हणायचो आणि पाठीत धपाटा खायचो.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. नानांच्या ओळखीचा एक जण मस्कतहून परतताना एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला होता. त्याला त्याचं काही कळेना, म्हणून तो कॉम्प्युटर आमच्या घरी आला आणि आमचाच झाला. रबरी बटणांची पाटीएवढी वस्तू. ती टीव्हीला जोडायची, आणि लिहिलेला प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. पण दुपारी दूरदर्शन बंद असायचं, त्यामुळे जेवणं झाली की टीव्ही माझा. त्याच्यावर खेळ बनवायचं मी मनावर घेतलं. हमालाने केळीचे घड उचलून मालगाडीच्या वाघिणीत, म्हणजे डब्यात, भरायचे, घड पडू द्यायचा नाही, असा साधा खेळ. प्रोग्रॅम मला जमत होता. चित्र मात्र बापजन्मात जमलं नव्हतं. पहिला हमाल पडद्यावर आला तेव्हा अक्का डाळ निवडत होती. चष्मा वर करून तिने पाहिलं आणि म्हणाली, "हाई काय शे रे? डबाले पाय फुटनात का?"

मी चिडून तिला समजावलं, की इथे चित्र म्हणजे आडवे आठ आणि उभे आठ चौकोन, एकेक चौकोन काळा नाहीतर पांढरा, बाकी काही नाही. ती हसायची थांबली. "म्हणजे फुलीचा टाकाच ना," म्हणाली आणि क्लासची आलेखाची वही घेऊन बसली. त्या दिवसापासून खेळ दोघांचा झाला. घड तिने एका दुपारी काढला. हमालाला मात्र तिने पंधरा दिवस लावले. मध्ये नानांच्या नात्यातलं एक लग्न निघालं म्हणून आम्ही सावद्याला गेलो, तर ही बाई लग्न सोडून स्टेशनवर केळी भरणाऱ्या हमालांकडे पाहत उभी. परत आल्यावर तिने हमालाचे पाय खोडून टाकले. "घड खांद्यावर असला का माणूस पाय उचलत नाही रे," ती म्हणाली. "सरकवतो." नवे पाय मी प्रोग्रॅममध्ये घातले, आणि पडद्यावरच्या त्या बोटभर माणसाच्या खांद्यावर खरंच ओझं आलं. आज या धंद्यात मला दहा वर्षं होतील. रंगीत, महागडी चित्रं काढणारी पुष्कळ माणसं पाहिली. केवळ पाय सरकवून ओझं दाखवणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

आता त्या घरांचं सांगायला हवं. त्या यंत्रात स्वतःची चित्रं ठेवायला आठ बाय आठ चौकोनांच्या मोजून एकवीस जागा होत्या. अक्का त्यांना घरं म्हणायची. उभ्या हमालाला दोन घरं लागायची, पाय बदलला की आणखी दोन, ओझं घेतलेल्याला निराळी चार. वाघिणीला चार, केळीच्या घडाला दोन. मराठी अक्षर हवं तर तेही चित्र म्हणूनच काढायचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक घर. मात्रा-वेलांटीला वर जागाच उरेना, म्हणून खेळाचं नाव तिने शोधलं 'घड'. दोन अक्षरं, दोन घरं. खाली आमची दोघांची नावं. रमण आणि कमल, दोन्ही बिनमात्रेची, शिवाय मधला म दोघांत एकच. "आईनी आपली नावं कॉम्प्युटरकरताच ठेवली," असं ती नानांना सांगायची. पहिल्यांदा तिचं नाव पडद्यावर आलं तेव्हा तिने पदराने टीव्हीची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. नानांना कामावरून आल्या आल्या, हातपाय धुवायच्या आत, तो पडदा दाखवला.

मग माझ्या वर्गातला एक मित्र खेळून गेला आणि म्हणाला, यात मजा नाही, कुणीतरी त्रास द्यायला हवं. माकड हवं, घड पळवणारं. ते खरंच होतं. अक्काने त्याच दुपारी माकड काढलं, शेपटीसकट, दोन घरांत. पण एकवीस घरं भरलेली होती. दोन रिकामी करायची होती, आणि मी म्हणालो, "अक्का, क आणि ल काढतो. पुढच्या खेळात तुझं नाव आधी." ती क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मनी जागावर माकड बसाडं का रे?" आणि हसली. मीही हसलो. नंतर चहा ठेवायला उठताना म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नाव नही ते नही, खेळ ते आपलाच शे ना."

आता ते लिहितो. त्या यंत्राला इंग्रजी अक्षरं उपजतच येत होती. इंग्रजीत लिहायला एकही घर लागत नव्हतं. अक्काचं नाव इंग्रजीत लिहिता आलं असतं, अगदी फुकट. हे मला त्याच दुपारी सुचलं होतं. पण तो खेळ मी मुंबईला एका कंपनीत दाखवायला नेणार होतो. टीव्हीला जोडायच्या खेळांच्या कॅसेटी बनवणारी छोटी कंपनी होती ती, आणि तिथे पडद्यावर एकट्याचं नाव असलेलं मला हवं होतं. म्हणून मी बोललो नाही. कंपनीतल्या साहेबांनी खेळ दोनदा खेळून पाहिला. प्रोग्रॅमविषयी त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. "चित्रं कुणी काढली? असा हात आम्हाला हवाच होता," म्हणाले. मी म्हणालो, "मीच," आणि नोकरी मला मिळाली. ती नोकरी अक्काने केली असती का, नानांनी तिला पाठवलं असतं का, घरबसल्या काही काम मिळालं असतं का, मला माहीत नाही. तिला विचारायची वेळच मी येऊ दिली नाही.

पुढे चित्रांचंच काम गळ्यात पडलं आणि माझी पाचावर धारण बसली. मग मी जळगावला पत्रं टाकू लागलो. अक्का, एक विमान हवं. अक्का, साप हवा, वळणारा. आठवड्याभरात पाकीट यायचं, आत आलेखाचे कागद, क्वचित कडेला भरतकामाच्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला. दोन वर्षं तिने माझी नोकरी केली आणि शाबासकी मी घेतली. तोवर बघून बघून माझा हातही थोडा वळला होता. नंतर नवी, रंगीत यंत्रं आली, चित्रकलेचं शिकलेली मुलं आली, आणि मी तिला कळवलं, की आता कागद पाठवायची गरज नाही. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. राखी मात्र वेळेवर आली.

गेल्या भाऊबीजेला गेलो ती शेवटची भेट. साखरेने तिची नजर पार गेली होती, क्लास बंद होता. ओवाळताना तिने माझं कपाळ आधी बोटाने चाचपलं. मग जवळ बसून विचारलं, "आते कितला घरं भेटतस रे तुमले?" म्हटलं, पुष्कळ, आता कुणी मोजत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग नावं लिहतस का बठ्ठासनी?" मी म्हणालो, हो, खेळ संपला की सगळ्यांची नावं येतात. "चांगलं शे," ती म्हणाली. तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचललीही होती... पण नाना फराळाची ताटं घेऊन आले आणि मी चकली उचलली.

दिवस झाल्यावर नानांनी शिलाई मशीनच्या खणातून ती वही काढून दिली. "तुझीच आहे ना ही, घेऊन जा," म्हणाले. आत्ता ती माझ्यासमोर आहे. घड, वाघीण, हमालाचे खोडलेले पाय. शेवटी माकडाचं पान. ते उलटलं, की खेळाच्या पहिल्या पडद्याचा नकाशा आहे, चौकोन मोजून आखलेला. वर 'घड', खाली माझं नाव, आणि त्याच्या खाली काहीतरी खोडलेलं. दिव्यासमोर कागद तिरका धरला, तर पेन्सिलीचे वळ दिसतात. इंग्रजी पाच अक्षरं, एकेका चौकोनात एकेक, बरोबर मध्यभागी. समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय, "इंग्रजीला घर लागत नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी सुचवीन म्हणून ती थांबली असेल, आणि मी काही बोललो नाही तेव्हा चहा ठेवायला उठली असेल. दहा वर्षं ती मला राखी पाठवत राहिली आणि एकदाही हे बोलली नाही.

'घड' हा खेळ आता कुठे मिळायचा नाही. कॅसेटला बुरशी लागली, यंत्र केव्हाच बंद पडलं. तरी लिहून ठेवतो. त्यातली सगळी चित्रं कमलअक्काने काढली होती. हमाल, घड, वाघीण, माझ्या नावाची तीन अक्षरं, आणि ते माकडही.