बॉनेटची घडी

"दाबू नका दाजी, दाबू नका! बॉनेट आहे ते, विजार नव्हं!"

"दाबतोय कुठं? नुसता हात ठेवलाय."

"तुमचा नुसता हात म्हणजे दुसऱ्याचा गुडघा."

मेव्हणा खोटं बोलत नव्हता. दाजींची उभी हयात इस्त्री दाबण्यात गेलेली. गिऱ्हाइकांनी त्यांचं नावच 'कडक' पाडलं होतं. त्यांनी विजारीला घातलेली घडी अशी, की विजारीतला माणूस खाली बसला तरी घडी उभीच. मग घरोघर इस्त्र्या झाल्या, न चुरगळणारे कपडे आले, दुकानात येणारी गाठोडी बंद झाली. गाठोडी घेऊन येणारी माणसंही बंद झाली. त्यात बायको गेली. दुकानामागच्या खोलीत दिवसचे दिवस कुणाचा आवाज नसायचा. घसा आहे की गेला बघायला दाजी मधूनच उगीच खोकायचे.

मेव्हण्याची गाड्या धुण्या-चमकवण्याची शेड होती. त्यानं बोलावलं, पण सरळ सांगितलं, "जमलं तर राहा. नाही जमलं तर राग मानू नका." ते 'नाही जमलं तर' दाजींच्या पोटात खड्यासारखं बसलं होतं. कारण शेडमध्ये कुणीतरी त्यांना दाजी म्हणायचं. आणि मेव्हणा 'दाबू नका' म्हणताना शेवटचा 'का' लांबवायचा, अगदी आपल्या बहिणीसारखा, दाजींच्या बायकोसारखा. दाजी तिच्या एकुलत्या चांगल्या पातळाला इस्त्री करायला लागले की तीही अशीच ओरडायची.

पहिल्या सकाळी दाजींनी पॉलिशचं मशीन हवेतच चालू केलं. त्याच्या गरगर फिरणाऱ्या पॅडवरचं पॉलिश उडालं ते थेट चहावाल्याच्या मिशीवर. "आता चकाकेल बघा," असं म्हणून तो गेला तो दोन दिवस फिरकला नाही. तेव्हापासून दाजी पॅड आधी पत्र्याला टेकवत, मगच बटण दाबत.

आज पुढ्यात जुनी लाल गाडी होती. आता लाल म्हणायची ती नुसती सवयीनं. उन्हानं रंग मरून पार गुलाबी पडला होता, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी निघायची. दाजींनी मशीन फिरवलं न फिरवलं तोच पांढरं पॅड लालभडक झालं. त्यांनी घाबरून बटण बंद केलं.

"अहो, रंग निघाला!"

"निघणारच. वरची मेलेली साल आहे ती. चांगला रंग खाली आहे," मेव्हणा म्हणाला. "फक्त मशीनला त्याच्याच वजनानं जाऊ द्या. एका जागी थांबू नका. कडेला तर हात हलकाच, तिथं रंग पातळ असतो." आणि तो कुणाची तरी गाडी पोचवायला गेला.

दाजी एकटे राहिले. मशीनच्या घरघरीत बोलायची सोय नव्हती, आणि बोलायला होतं कोण? इस्त्रीचं बरं असायचं. हात चालला की गिऱ्हाइकाचं तोंडही चालायचं. पण हळूहळू पत्र्यात लाली उतरली. वरची ट्यूबलाइट आत दिसू लागली. तिच्याखाली एक म्हातारा दिसला, आणि तो आपणच आहोत हे कळायला दाजींना जरा वेळ लागला.

बॉनेटच्या मधोमध एक उभी कड होती. सरळ, उठून दिसणारी. अशी रेघ समोर आल्यावर 'कडक' गप्प बसतोय होय! हातानं आपणहून जोर धरला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि शेवटाला जरा थांबून घडी बसवली.

मशीन उचललं तर कडेवर बोटभर करडा पट्टा. लाल गेलं होतं, खालचा अस्तराचा रंग उघडा पडला होता.

पॅडवरचं लाल पॉलिश बोटानं पुसून त्यावर लावावं, असं एकदा मनात आलं. लावलंही. दिसलं नाही. मग दाजींनी स्वतःच फडकं घेऊन ते पुसून काढलं आणि स्टुलावर बसून राहिले. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मेव्हणा आला. वाकून बघितलं. ओरडला नाही. त्यानं ओरडलेलं दाजींना परवडलं असतं.

"सांगितलं होतं, कडेला रंग पातळ असतो."

"हाताला घडी दिसली रे," दाजी म्हणाले. "जमलं नाही म्हण."

मेव्हणा बाहेर जाऊन गाडीच्या मालकाशी फोनवर बोलला. "आमच्याच हातनं झालंय, तेवढी कड रंगवून देतो," एवढं दाजींना ऐकू आलं. आत येऊन म्हणाला, "आज घरी जा, दाजी."

घर म्हणजे ती खोली. दाजी उठले, चप्पल पायात सरकवली, आणि तसेच उभे राहिले. "गाडीची दारं राहिलीत अजून."

मेव्हण्यानं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा त्यांच्या चपलांकडं. मग फळीवरचं टेपचं भेंडोळं त्यानं फेकलं. दाजींनी ते दोन्ही हातांनी झेललं.

"आधी सगळ्या कडांना टेप. घड्या दिसताच कामा नयेत तुम्हाला. आणि मशीन धरायचं, दाबू नकाऽ!"

एवढं बोलून तो घरी जेवायला गेला. 'तुम्हीही या' म्हणाला नाही.

दाजींनी दाराच्या कडांना एकेक करून टेप लावला, अंगठ्यानं बसवला. पॅड साफ केलं, पॉलिशचे ठिपके टाकले, पॅड पत्र्याला टेकवलं. हात सैल सोडला आणि बटण दाबलं.