नामानिराळे मिस्टर वग्दी

मिस्टर वग्दींनी आयुष्यात कधी काही केलं नाही. जे झालं ते आपोआप झालं. घरात कप फुटायचे, दूध उतू जायचं, लग्नाचा वाढदिवस विसरला जायचा. त्यांची बायको नाहिद कमरेवर हात ठेवून विचारायची, "कप काय स्वतः उडी मारून खाली आला?" त्यावर मिस्टर चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणायचे, "फुटला, नाहिद. फुटतात कप." ते खोटं बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. वाक्य तयार व्हायच्या आत ते त्यातून अंग काढून घ्यायचे, एवढंच.

अशा माणसाच्या वाट्याला इंग्रजीतला कर्मणी प्रयोग शिकवण्याचं काम यावं, यात नवल ते काय. इजिप्तमधल्या अख्ख्या मीत ग़म्र गावात त्यांच्यासारखा कर्मणी शिकवणारा दुसरा नव्हता. फक्त ते तो सरकारी शाळेत शिकवत नसत. शाळेत ते सकाळी सही करायचे, शिक्षकांच्या खोलीत बसून फूल, म्हणजे शिजवलेल्या घेवड्याची उसळ, भरलेली भाकरी खायचे आणि पेंगायचे. सेकंडरीच्या तिसऱ्या वर्षाचा त्यांचा वर्ग वर्षभर रिकामाच असायचा. मिस्टर शिकवत नाहीत म्हणून मुलं येत नव्हती आणि मुलं येत नाहीत म्हणून मिस्टर शिकवत नव्हते. दोघांचीही एकमेकांविरुद्ध तक्रार नव्हती.

कारण दुपारी तीच मुलं आणि तेच मिस्टर बसबूसाच्या, म्हणजे पाकातल्या रव्याच्या मिठाईच्या, दुकानावरच्या सेंटरमध्ये भेटायचे. सरकारी शिक्षकाने खासगी शिकवण्या घेऊ नयेत असा कायदा आहे, आणि पकडला गेला तर नोकरी जाते. सेंटरच्या दारावर मिस्टरांचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. हाताची घडी घातलेली, पाठीमागे लंडनचं घड्याळ, बाजूला एक सिंह, आणि खाली 'इंग्रजीचा सम्राट'. शिक्षण खात्याची माणसं रोज त्या फोटोखालून घरी जायची. बसबूसा बांधून घेताना कुणी मान वर करत नसे.

सेंटरमध्ये आलं की ते पेंगणारे मिस्टर कुठल्या कुठे पळायचे. कोपऱ्यात ढोलकीवाला बसलेला असायचा. कडक ठेका धरला जायचा आणि शे-दीडशे पोरं बाकं बडवत गायची:

"कर्म आलं पुढं, कर्ता गेला मागं,
मध्ये बसला 'बाय'!
सांगायचा नसेल तर गाळून टाका,
मार्क जाणार न्हाय!"

मग सवाल-जवाब व्हायचे. मिस्टर बोट वर करून म्हणायचे, "पिरॅमिड बांधले गेले. कुणाकडून?"

"मिस्टर वग्दींकडून!"

"कालवा खणला गेला. कुणाकडून?"

"मिस्टर वग्दींकडून!"

अमेरिका शोधली गेली तीही मिस्टर वग्दींकडून, आणि टेलिफोनही त्यांच्याकडूनच. 'कुणाकडून' हा शब्द कानावर पडला की पोरांच्या तोंडून ते नाव आपसूक बाहेर पडायचं, हात आपसूक बाकावर आपटायचे. त्या जिन्यावर रोज एक चमत्कार घडायचा. खाली उतरलं की ज्याला कशाचाच कर्ता व्हायचं नसे, तो माणूस वर चढला की सगळ्या जगाचा कर्ता व्हायचा.

परीक्षा जवळ आल्या तशी मिस्टरांना उजळणीसाठी भिंतीवर चित्रं दाखवायची हौस आली. शाळेत एक प्रोजेक्टर होता. तो कपाटात असायचा आणि कपाटाची चावी शाळेतल्या मावशींच्या, उम्म रमज़ींच्या, गळ्यातल्या दोरीला असायची. मिस्टरांनी चावी मागितली, मावशींनी दिली, आणि मिस्टर प्रोजेक्टर मांडीवर घेऊन टुकटुकमधून सेंटरकडे निघाले. दारातल्या आपल्याच फोटोकडे कौतुकाने बघत जिना चढताना पाय घसरला आणि प्रोजेक्टर पायऱ्यांवरून गडगडत थेट बसबूसाच्या परातीपाशी जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला, चावी मावशींना परत केली आणि म्हणाले, "अल्ला तुमचे हात सलामत ठेवो."

पुढच्या आठवड्यात कपाट उघडलं तेव्हा आत प्रोजेक्टरचे तुकडे निघाले. चावी मावशींकडे, म्हणून दोष मावशींचा. साफसफाई करताना पाडला आणि गुपचूप कुलूप लावलं, असं शिक्षकांच्या खोलीत ठरून गेलं. मावशी सांगत राहिल्या की चावी मिस्टरांनी नेली होती. हेडमास्तरांनी मिस्टरांना बोलावलं.

"मावशी म्हणतात चावी तुम्ही नेलीत."

"नेली गेली असेल, साहेब. कपाटाची चावी नेली जातेच."

"तुमच्याकडून?"

"एकट्या माझ्याकडून कशी म्हणू? सगळ्यांकडूनच नेली जाते. आता साफसफाईच्या वेळी काय घडलं असेल, ते मी पाहिलेलं नाही."

यातही एक शब्द खोटा नव्हता. हेडमास्तरांनी वर कळवलं: मावशींवर संशय आहे, चौकशी व्हावी.

व्हरांड्यात मावशींनी त्यांना गाठलं. "मिस्टर, माझ्याकडे बघून बोला. चावी तुमच्या हातात दिली होती की नाही?"

"मावशी, चौकशी होईल. अन्याय केला जाणार नाही."

"पेन्शन तोंडावर आलीय माझी. खोटारडी म्हणून हाकललं तर सुनेसमोर कुठल्या तोंडानं जेवायला बसू? तिला तर निमित्तच हवंय."

मिस्टरांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, इतकं की सेंटरला जाताना त्यांना उसाच्या रसाचा मोठा पेला प्यावा लागला. रात्री नाहिदने त्यांचा चेहरा पाहून विचारलं, "काय केलंस?"

"काही नाही. एक प्रकरण झालंय."

"तुझी प्रकरणं पाळण्यात आपोआप रडणाऱ्या पोरांसारखी असतात," नाहिद म्हणाली. "चिमटा काढणारा शेजारीच उभा असतो." आणि दिवा मालवून झोपली.

चौकशीला शिक्षण खात्यातून बहगतसाहेब येणार असं कळलं, तशी हेडमास्तरांची वेगळीच धांदल उडाली. साहेब वर्गही बघणार, आणि वर्गात तर चिटपाखरू नाही. "वग्दी, मला वर्ग भरलेला दिसला पाहिजे."

"भरला जाईल, साहेब."

त्या संध्याकाळी मिस्टरांनी सेंटरमध्ये ढोलकी थांबवून सांगितलं, "उद्या सगळ्यांनी शाळेत यायचं. गणवेश घालून. गाणं नाही, बाकं बडवायची नाहीत, आणि सेंटरचं नाव मेलात तरी काढायचं नाही. कळलं?" पोरांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी घड्यांच्या खुणा पडलेले पांढरे शर्ट घालून ती शाळेत आली. बऱ्याच जणांना आपला वर्ग कुठला ते मावशींनाच विचारावं लागलं.

बहगतसाहेब गोल, हसतमुख गृहस्थ होते. खात्यात जाण्याआधी वर्षानुवर्षं त्यांनीही इंग्रजीच शिकवलं होतं. ते मागच्या बाकावर बसले. मिस्टर फळ्यापाशी उभे राहून सावकाश, पांढरपेशा आवाजात कर्मणी प्रयोग शिकवू लागले. पोरं मांडीखाली हात दाबून बसली होती. सगळं छान चाललं होतं. मावशी साहेबांसाठी चहाचा पेला घेऊन आल्या आणि ट्रे धरून दाराशी उभ्या राहिल्या, कारण वर्गानंतर त्यांचाच जबाब होता.

पण म्हाताऱ्या मास्तरचा हात खडूसाठी शिवशिवतोच. साहेब उठले. "मीही एक उदाहरण देतो," म्हणत त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: प्रोजेक्टर फोडला गेला. आपल्याच चातुर्यावर खूश होऊन त्यांनी दाराकडे, मावशींकडे, पाहिलं. मावशींनी मान खाली घातली. मग साहेब वर्गाकडे वळले, अगदी मास्तरांसारखं बोट वर केलं, आणि म्हणाले, "आता पूर्ण करा. कुणाकडून?"

"मिस्टर वग्दींकडून!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. सगळी बाकं एकदम वाजली, आणि मागच्या दोन रांगांनी तर 'कर्म आलं पुढं' सुरूसुद्धा केलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि गाणं मध्येच तुटलं.

साहेबांचा खडू हवेतच राहिला. "काय म्हणालात?"

मिस्टर वग्दींच्या डोक्यात त्या क्षणी जेवढा हिशोब झाला तेवढा त्यांनी वर्षभरात केला नसेल. ही पोरांची सवय आहे, असं सांगावं, तर सवय लागली कुठे? हा वर्ग तर या वर्षी आज पहिल्यांदा भरला होता. सवय म्हटली की सेंटर आलं, सेंटर आलं की नोकरी गेली. प्रोजेक्टर फोडला म्हणून फार तर पगार कापतील. दोन खड्ड्यांपैकी उथळ कुठला, हे त्यांनी नीट पाहून घेतलं.

"खरं आहे, साहेब," ते म्हणाले. "मीच फोडला."

पोरं आ वासून बघत राहिली. मिस्टरांच्या तोंडून असं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बहगतसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी मिस्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. "आपल्या मुलांसमोर कबूल केलंत. आजकाल कोण करतं असं? पगारातून भरून घेऊ, प्रकरण मिटलं." आणि जाता जाता वर्गाला बजावून गेले, "तुमच्या शिक्षकांकडून शिका, मुलांनो."

मिस्टरांची छाती हळूहळू फुगू लागली. खरं बोलण्यात इतका फायदा असतो, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. दारावरच्या फोटोखाली 'सत्यवचनी' हा शब्द कसा दिसेल, इथवर त्यांचं मन पोचलं होतं. तेवढ्यात मावशी साहेबांचा रिकामा पेला उचलायला आत आल्या.

"मिस्टर, त्या दिवशी मला खोटारडी कुणी ठरवलं?"

"तसं ठरवलं गेलं खरं, मावशी," मिस्टर मोठ्या मनाने म्हणाले. "आता विसरून जा."

"ठरवलं गेलं," मावशी म्हणाल्या. पेला त्यांच्या हातात होता. त्यांचा आवाज चढला नाही. "कुणाकडून?"

या वेळी बाकं वाजली नाहीत. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली, जशी शाळेत उत्तर द्यायला उभं राहायचं असतं तशी. मग तिच्या मागची उभी राहिली, मग आणखी काही जण.

"मिस्टर वग्दींकडून," पहिल्या बाकावरची मुलगी हळू आवाजात म्हणाली.

मावशींनी मान हलवली, पेला ट्रेमध्ये ठेवला आणि त्या गेल्या. मिस्टरांनी पाठ वळवून डस्टर घेतलं आणि फळ्यावरचं वाक्य पुसायला लागले. ते पुसून झाल्यावरही ते बराच वेळ फळाच पुसत राहिले. पोरं अजून उभीच होती.