माझ्या हातून मुंबई पडली

माझ्या हातून मुंबई पडली. भर गणेशोत्सवात, स्टेजच्या फळ्यांवर, अख्ख्या काळाचौकीच्या देखत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी परळच्या एका गिरणीत कारकून, वय चौतीस, पोट सुटलेलं. आणि मी बॅले शिकत होतो. (हसा, हसा! चाळ अजून हसतेय.)

हौस माझी नव्हे, बायकोची. कुसुम शिवणकाम करायची. गोवालिया टँकला फ्रेनीमिस नावाच्या एक पारशी बाई विलायतेहून नाच शिकून आल्या होत्या आणि छोट्या मुलींना बॅले शिकवत. त्या मुलींचे झगे पोचवायला कुसुम गेली, ती दारातच खिळली. घरी आली आणि हातात उलथनं घेऊन स्टोव्हपाशी चवड्यांवर उभी!

"मला हे शिकायचंय."

"आता? या वयात?"

"मग काय म्हातारपणी शिकू?"

प्रकरण आईकडे गेलं. आई मालवणची. तिने फार वेळ घेतला नाही. "एकटी जाव नको. घोवाक वांगडा घेवन जा." घोव म्हणजे नवरा. म्हणजे मी. असा मी बॅलेत भरती झालो!

वर्गात सगळ्या आठ-नऊ वर्षांच्या पारशी मुली, आणि मधोमध बनियन-अर्ध्या चड्डीतला मी. कुसुम आईचं जुनं लुगडं काष्टा मारून नेसलेली. फ्रेनीमिस तिच्यावर खूश. "आ लुगडा बहु सरस! पग बराबर देखाय छे!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अने तू बारी पासे ऊभो रे'." (पग म्हणजे पाय, बारी म्हणजे खिडकी. पडद्यामागे मी जरा कमी दिसायचो.)

घरी सराव गॅलरीत, कठडा धरून. मी पाय मागे फेकला की तो शेजारच्या पापडांत. "अहो, पाय आवरा! उडदाचे आहेत!" कुसुमचा पाय मात्र अलगद वर जायचा आणि अलगद खाली यायचा. नळावरच्या बायका कळशी भरून वाहिली तरी बघत राहायच्या. तिला खरंच येत होतं हो. मला ते तेव्हाही दिसत होतं.

एक दिवस ती लाजत म्हणाली, "नाताळात वर्गाचा कार्यक्रम आहे. मिस मला स्टेजवर घेणारेत."

"कसलं काम?"

"झाडाचं. पण हलणारं झाड आहे हं!"

त्या झाडासाठी ती कणीक मळतानासुद्धा डुलायची.

एवढ्यात आमच्या मंडळाचे तात्या उपटले. दर गणपतीत मेळा तेच बसवायचे. "बॅले येतो ना तुम्हाला? मग झालं! कुसुमवहिनी मुंबई, तू महाराष्ट्र. शेवटी महाराष्ट्र मुंबईला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरतो. पब्लिक वेडं होईल!"

फ्रेनीमिसनी कपाळाला हात लावला. "उचलवानुं नहीं! पहिलं पाय शिक!"

पण मला कोण सांगणार? मी रोज गिरणीत कापडाच्या गाठी उचलताना बघत होतो. (बघत होतो. उचलत हमाल होते.)

"मिस नको म्हणाल्यात," कुसुम म्हणाली. "पाय मोडला तर माझं झाड जाईल."

"अगं, दोन्ही हातांनी घट्ट धरीन."

"नक्की?"

"नक्की!"

आणि खरं सांगतो, मेळ्याच्या दिवशी मी उचललं! मुंबई माझ्या डोक्यावर, तिचे दोन्ही हात पसरलेले, चेहरा असा फुललेला की पहिल्या रांगेत आईने पदर डोळ्यांना लावला. तात्यांनाही भरून आलं. ते विंगेतून गरजले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

आता त्या काळातल्या कुणालाही विचारा. गिरणीच्या गेटवर, सभेत, मोर्च्यात ही हाक कानावर पडली की उजवी मूठ आपोआप वर जायची. झोपेतसुद्धा!

"झालाच पाहिजे!" मी ओरडलो आणि मूठ वर केली.

मुंबई खाली गेली.

धावायला कोण येणार? विंगेतल्या सगळ्यांच्याच मुठी वर! मागून कुणीतरी बोंबललं, "मुंबई पडली रे!" मंडपाबाहेरच्यांना वाटलं, गेली मुंबई दुसऱ्या राज्यात! लालबागेपर्यंत दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. आई स्टेजवर चढली ती थेट माझ्या अंगावर. "मेल्या, बायलेक खाली टाकून घोषणा कसली दितंस?"

परळच्या इस्पितळात पायाला प्लास्टर घातलं. कुसुम रडत होती, पण दुखण्याने नव्हे. "आता झाड कोण होणार?" एवढंच विचारत होती. मला तिच्याकडे बघवेना.

नाताळ झाला. झाड दुसरंच कुणीतरी झालं. हाड जुळलं, पण टाच पूर्वीसारखी उचलेना, आणि पुढे फ्रेनीमिसही कायमच्या विलायतेला गेल्या. राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटत होते, आणि कुसुम कठडा धरून हळूच चवड्यांवर उभी राहायला बघत होती. अर्ध्यावर थांबली. मग पापड उलटायला लागली. मला त्या दिवशी पेढा गेला नाही. अजूनही पेढा हातात आला की ती अर्धी उचललेली टाच आठवते आणि जीव तुटतो.

अजूनही लोक विचारतात, "काका, चळवळीत तुम्ही काय केलंत?" कुणी लाठ्या खाल्ल्या, कुणी तुरुंगात गेलं. मी आपलं खरं तेच सांगतो, "मुंबई एकदा माझ्या हातात आली होती. मी पाडली."

तेवढ्यात आतून कुसुमचा आवाज येतो. "आणि 'नक्की' म्हणून पाडलीत, तेही सांगा!"