इथे जोडलेली गाडी

शोरूममध्ये येणारा माणूस आधी गाडीला एक प्रदक्षिणा घालायचा, मग बोटाच्या पेराने बॉनेटवर टकटक करायचा, मग पुढचं दार उघडून धाडकन लावायचा. एवढे विधी झाले की माझ्याकडे वळून विचारायचा, "मॅडम, ये असेंबल कहाँ हुई है?" किंमत नंतर, मायलेज त्याच्याही नंतर. मी इंदूरला ए. बी. रोडवरच्या त्या शोरूममध्ये नुकतीच लागले होते. काचेच्या टेबलामागे साडी नेसून बसायचे आणि शिकवलेलं उत्तर द्यायचे. गाडी परदेशी, सगळे पार्ट तिकडून पेट्यांमध्ये येतात, जोडणी फक्त इकडे पीथमपूरला होते. 'फक्त' हा शब्द जरा हळूच म्हणायचा, असं साहेबांनी, म्हणजे आमच्या सेल्स मॅनेजरनी, बजावून ठेवलं होतं.

त्या जोडणीत माझा दादा होता. तो गाडीची दारं बसवायचा. मला शोरूममधली जागाही त्याच्याच शब्दामुळे मिळाली होती. सकाळी कारखान्याच्या बसने जायचा आणि संध्याकाळी येताना कधीकधी त्या पेट्यांच्या फळ्या घेऊन यायचा. पिवळसर, गुळगुळीत, वेगळाच वास असलेलं लाकूड. आमच्या चाळीत त्या फळ्यांना फार मागणी होती. कुणी कपाट केलं, कुणी पोरांना अभ्यासाचं टेबल. लाकूडसुद्धा तिकडचं म्हटल्यावर लोक त्याच्यावरून हात फिरवून बघायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

बाबा कापडगिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, फिटर. आजोबा महूच्या फौजेतले. त्यांनी बाबांना गिरणीत चिकटवलं तेव्हा गिरणी म्हणजे जन्माची सोय समजत. ती सोय आमच्या डोळ्यांदेखत संपली. शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आमचीही पडली. मालकांची माणसं सांगत फिरली की कामगार कामचोर होते, म्हणून कापड खराब निघायचं, म्हणून गिरणी बुडाली. हे वाक्य कानावर पडलं की बाबा भरल्या ताटावरून उठायचे. "कापूस हलका आणायचा, मशीनला पार्ट आणायचाच नाही, और नाम किसका खराब? हमारा!" रागावले की बाबांची मराठी संपायची आणि हिंदी सुरू व्हायची. माझा स्वभाव त्यांच्यावर गेलाय. पोटात एक आणि ओठात एक, हे मला कधी जमलं नाही आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

गिरणी गेल्यावर बाबा कूलरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायला लागले. ते काम उन्हाळ्यापुरतं. घर दादाच्या पगारावर चालायचं, मग माझाही पगार त्यात आला. एका रविवारी दादा आम्हा सगळ्यांना शोरूममध्ये घेऊन आला. बाबांनी त्याने बसवलेलं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "बराबर बसलंय," एवढंच म्हणाले. दादा दिवसभर शीळ घालत होता.

पहिल्या उन्हाळ्यातच तक्रारी यायला लागल्या. गाडी खड्ड्यातून गेली की डावीकडच्या दारातून खडखड. खड्ड्यांची इंदूरला वानवा नव्हती. लोक चिडून यायचे. एवढे पैसे मोजून घेतलेली गाडी टेम्पोसारखी वाजते म्हणजे काय? साहेबांनी मला बोलावून नवं उत्तर दिलं. "पार्ट तो ओरिजिनल हैं मॅडम, पर जोड़ने वाले अपने लोग हैं। हाथ का फर्क तो आएगा ना।" मी ते सांगायला लागले आणि थक्क झाले. चिडून आलेला माणूस ते ऐकून शांत व्हायचा. मान डोलवायचा. कुणी हसायचाही, "हाँ यार, अपने यहाँ तो ऐसा ही है।" ज्यांनी आयुष्यात एक स्क्रू पिळला नसेल, त्यांनाही आपल्या लोकांचा हात कच्चा असतो याची खात्री होती. मी घरी येऊन दादावर तोंड टाकायचे. "तुम्ही लोक तिकडे झोपा काढता आणि बोलणी मी खाते." दादा म्हणायचा, "अगं, जसं येतं तसंच बसवतो ना अपन." मला ती सबब वाटायची.

दिवाळी झाली आणि दारं बसवणाऱ्या सगळ्यांना कारखान्याने काढून टाकलं. कारण एकच दिलं, काम निकृष्ट. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता आणि आई पोळ्या लाटत होती. मी बाबांकडे बघत होते. मला वाटलं, आता हे उठणार, आता हिंदी सुरू होणार. गिरणीच्या वेळेला झालं तेच पुन्हा झालं होतं, शब्दन् शब्द तोच. बाबांनी पोळीचा घास मोडला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "हात ढिला पडला असेल. विलायती माल तसा वाजत नाही. आमचे माग पण तिकडचेच होते, जिंदगीभर वाजले नाहीत."

दादाने बाबांकडे पाहिलं. तसं त्याला बघताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बाबांसारखा फिटर सांगतोय म्हणजे खरंच असणार. महिनाभरात दादा पुण्याला निघून गेला. भोसरीत एका शेडमध्ये पॅकिंगचं काम मिळालं. निकृष्ट कामासाठी काढलेल्या माणसाला पुन्हा पाना हातात कोण देणार? तो घरी क्वचित यायचा, आला तरी आईशी बोलायचा. बाबांशी पावसापाण्यापलीकडे बोलणं नाही. मी शोरूममध्ये तेच उत्तर देत राहिले, आणि आता तर अगदी मनापासून.

मग दीडेक वर्षाने कपडा बाजारातल्या एका सेठजींचा जावई परदेशातली नोकरी सोडून परत आला आणि सामानाबरोबर आपली गाडीही घेऊन आला. आमचंच मॉडेल, पण तिकडच्या मूळ कारखान्यात जोडलेलं. ती सर्व्हिसिंगला आली तेव्हा आमच्याकडे जत्राच भरली. साहेबांनी दोन गिऱ्हाइकांना हात धरून आणलं, बघा, याला म्हणतात फिनिश. मीही गेले. जावई कौतुकाने म्हणाला, बसा ना मॅडम, एक चक्कर मारू. मी पुढे डावीकडे बसले. फाटकाबाहेरचा खड्डा आला आणि माझ्या कोपराशी दार वाजलं. तीच खडखड, दुसरी तिसरी कुठली नाही. जावई सहज म्हणाला, "ये तो पहले दिन से है।"

वर्कशॉपमध्ये दार उघडलं. आत लॉकची दांडी धरून ठेवणारी प्लॅस्टिकची पांढरी क्लिप तडकलेली. मेकॅनिकने स्टोअरमधून काळी क्लिप आणली, बसवली, खडखड बंद. पोरखेळासारखं काम. मी विचारलं, ही काळी कुठून आली? स्टोअरवाले काका म्हणाले, "अरे बेटा, ये तो कंपनी ने कब की भेजी है। पांढरी क्लिप तिकडनंच खराब येत होती. फ्री सर्व्हिसिंगला आली की आपण गुपचूप बदलतो, कस्टमरला बोलायचं नाही." कब की म्हणजे कधी? ते आठवून म्हणाले, "राखीच्या आसपास, पिछले के पिछले साल."

दादाला काढलं त्या दिवाळीच्या आधीची ती राखी.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाहेरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली होती. साहेब मला मुळीच घाबरले नाहीत. म्हणाले, कंपनीने चूक आपली म्हणायची की तुमच्या पोरांची? तुम्हीच सांगा, गाडी विकायची कशी? त्यांना हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या दादाच्या नावाने माझ्याच तोंडून खोटं वदवून घेतलं होतं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी टेबलावरची पर्स उचलली आणि तडक निघाले.

गाडी कुठे जोडली याने फरक पडतो का, हा प्रश्न मला आजही लोक विचारतात, मी तिथे होते म्हणून. पडतही असेल. कुठे जास्त तपासतात, कुठे कमी. पण मी पाहिलेल्या गाडीत दोष पेटीत बंद होऊन आला होता, समुद्र ओलांडून आला होता, आणि ज्याच्या हातात उघडला त्याच्या माथी मारला गेला.

घरी बाबा ओट्यावर कूलरची मोटार उघडून बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हातातलं टाकून उठतील, पोराचं नाव धुऊन निघालं म्हणतील. त्यांनी तार गुंडाळणं थांबवलं नाही.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"क्लिपचं. काढलं त्या दिवशी तू यायच्या आधी त्याने खिशातून काढून दाखवली मला. बघितल्यावरच कळलं. मी म्हटलं, ठेव आत, घरात काढू नको ही गोष्ट."

"आणि मग जेवताना तुम्ही म्हणालात, हात ढिला पडला असेल?"

"तुझ्यासाठी म्हणालो." आता त्यांनी वर पाहिलं. "त्याचा पगार गेलेला, माझं काम चार महिन्यांचं. तुझाच काय तो आधार होता. तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन तमाशा केला असतास. आज केलास ना? तुला खरं वाटायला पाहिजे होतं, म्हणजे तिथे नीट बोलली असतीस."

"दादाला सांगितलं होतंत, की तुम्ही असं खोटं बोलणार आहात?"

बाबा पुन्हा तार गुंडाळायला लागले. कंपनी परकी, साहेब परका. आपली माणसं आपल्याला असं वापरून घेतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी म्हटलं, चला, उठा. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं आणि दादाच्या शेडचा नंबर फिरवला.

दादा फोनवर आला. मी क्लिपचं सांगायला लागले तर म्हणाला, "ते मला माहीत आहे गं. पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. म्हणून तर म्हणायचो, जसं येतं तसंच बसवतो." मग त्याने विचारलं, "तू मला फक्त एक सांग. बाबांना खरंच वाटलं होतं का, की माझा हात ढिला आहे? क्लिप बघून ते फक्त 'ठेव आत' म्हणाले होते. मला आजपर्यंत कळलं नाही."

मी रिसीव्हर बाबांपुढे धरला. ते काचेच्या दाराशी उभे होते. त्यांनी मान हलवली आणि हातानेच खुणावलं, तूच सांग. मी सांगितलं, त्यांना तेव्हाच कळलं होतं, माझी नोकरी टिकावी म्हणून ते तसं बोलले. पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला. मग दादा म्हणाला, "बाजूला आहेत का ते?"

"आहेत," मी म्हटलं. "घेत नाहीत."

दादाने एक वाक्य बोलून फोन ठेवला. बाबा पुढे आले. "काय म्हणाला?"

"तुम्हीच विचारा त्याला," मी म्हटलं.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. दादा येत राहिला, एका ताटाशेजारी दुसरं ताट वाढलं जात राहिलं. त्या दिवशी फोनवर तू काय म्हणालास, हे बाबांनी त्याला कधी विचारलं नाही.