बेपत्ता की फरारी?

ती घटना मी विसरलेले नाही. परवा नातीच्या फोनमुळे ती पुन्हा डोळ्यांपुढे आली. तिच्या संगणकावरच्या एका मोठ्या टेबलातली, म्हणजे माहितीच्या तक्त्यातली, प्रत्येक नोंद दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीशी जुळते का, हे ती दोन दिवस तपासत होती. चालू काम मात्र थांबवायचं नव्हतं. मुलांनो, आमच्याकडे टेबलांच्या जागी रजिस्टरं होती.

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका ठाण्यात फौजदार होते. फरारी यादीतला मेंढपाळ गुळाच्या बाजारात आल्याची खबर मिळाली. तासाभरात तो कोठडीत होता. यादीत त्याच्या नावापुढे गुन्हा नंबर होता.

“का पळालास?”

“पळतोय कशाला, बाईसाहेब? मेंढरामागं कोकणात गेलतो. आलो की माघारी.”

मी गुन्हा रजिस्टर उघडलं. त्या नंबरचा गुन्हाच नव्हता.

ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, “नंबर लिहिताना चुकला असेल. उद्या कोर्टात उभा करा.”

मी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ठाणे अंमलदार नवी फिर्याद लिहायला ते सारखं मागून नेई. अडवणं शक्यच नव्हतं. मी पानात चिठ्ठी घाली आणि परत मिळालं की तिथून पुढे वाची. दिवस कलला, तरी त्याचं नाव मिळेना. त्याची बायको सकाळपासून पायरीवर बसून होती. शेवटी तिलाच विचारलं, “पूर्वी ठाण्यात कधी आली होतीस का?”

“आले हुते की! हे गावंनात म्हणून मीच लिवून दिलं हुतं. आवं, हुडकून द्या म्हणलं हुतं, कोंडून ठेवा न्हाई!”

तो नंबर बेपत्ता व्यक्तींच्या रजिस्टरात निघाला. ‘पत्ता नाही’ एवढं वाचून कोणीतरी नाव फरारींत उतरवलं होतं. आम्ही त्याला सोडलं.

साहेबांनी हुकूम काढला: यापुढे गुन्हा रजिस्टर पाहिल्याशिवाय यादीत नाव घालायचं नाही.

“आणि जुनी नावं?”

“इतकी वर्षं चाललीच ना, बाई?”

तरी मी रोज दहा-दहा नावं ताडून पाहिली. अशाच एका नावाशी हात थांबला. गुन्हा नव्हता, आणि त्या माणसाला महिन्याभरापूर्वी याच यादीवरून मीच पकडून तुरुंगात पाठवलं होतं. त्याच दिवशी अहवाल घेऊन कोर्टात गेले.

नवी नोंद नियमाने झाली म्हणून जुनी खरी ठरत नाही, हे मी तेव्हा शिकले. तो सुटला त्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी उभी होते. तो म्हणाला, “बाई, माझं नाव त्या यादीत अजून हाय का, तेवढं बघून सांगा.”