न वाचता मान्य

भाडेकरारावर मी सही केली आणि घरमालक कृष्णोजीअण्णांनी कागद माझ्या हातून काढून घेतला.

"वाचलात?"

"हो तर," मी म्हणालो.

"मग सांगा, म्हशीचं काय ठरलंय?"

मी नुकताच पुण्याहून बंगळूरला आलेला. सॉफ्टवेअरच्या नोकरीत म्हैस कुठून यावी! अण्णांनी सहावं पान माझ्यापुढे धरलं. भाडेकरूने आवारात म्हैस बांधू नये आणि बांधल्यास शेण रोजच्या रोज उचलावे, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. टायपिस्टानं कुठल्यातरी जुन्या करारातून मजकूर उचलला होता आणि त्याबरोबर म्हैसही आली होती. अण्णांना ती आधीच दिसली होती. "मुद्दाम राहू दिलो," ते म्हणाले. "म्हटलं बघू, नवा माणूस वाचतोय काय." मग त्यांनी मला समोर बसवून अकराही पानं मोठ्यानं वाचायला लावली, म्हशीवर काट मारली आणि पुन्हा सही घेतली. त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला. तसा तो पुढे रोजच होणार होता. घर राजाजीनगरला आणि नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, ही चूकही मी नकाशा न वाचताच केली होती.

अण्णांचं घराणं तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं. "फौज परत गेली. आमचे म्हणाले, स्वल्प बसू, मग निघू. बसलो ते बसलोच," असं ते सांगत. हे 'स्वल्प' म्हणजे थोडंसं, आणि ते त्यांच्या प्रत्येक वाक्यात असे. बोलणं संपलं की 'सरी' म्हणत, म्हणजे ठीक. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय साफ्टवेअर, स्वल्प या की खाली," अशी आरोळी आली की मी वरच्या मजल्यावरून मुकाट्यानं उतरायचो.

एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा गेटबाहेर जात नसे. "सहीत बापाचं नाव असतंय. न वाचलेल्या कागदावर बापाला नेऊन बसवू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. निवृत्त होताना इतरांनी घड्याळं आणली, अण्णांनी शिल्लक राहिलेलं डेव्हिएशन स्लिपांचं एक पॅड आणलं. एखादा सुटा भाग मापात स्वल्प चुकला आणि काम तर अडलेलं असलं, की कारखान्यात ही स्लिप भरून तो पुढे पाठवत. तिच्यात चार रकाने: काय चुकलं, कारण, जबाबदार कोण, बंद कधी केलं. चूक निस्तरली की शेवटच्या रकान्यात सही करून स्लिप बंद करायची. "चूक होऊ दे. उघडी राहू नये," अण्णा म्हणत. एकदा सारात मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी अशी स्लिप बायकोपुढे ठेवली. अक्कांनी त्याच स्लिपेनं गॅस पेटवला आणि ती पद्धत घरात तरी बंद पडली.

अशा माणसाच्या घरी स्मार्टफोन आला. त्यांची मुलगी सुमन कॅनडात बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. बारशाला आई-वडिलांना जाता येणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं तिकडूनच मागवून फोन घरी पोचवला. व्हिडिओवर बारसं बघायचं आणि अक्कांनी इथून पाळणा म्हणायचा, असं ठरलं. त्यांच्या घरातला पाळणा आईनं लेकीला, लेकीनं नातीला असा तोंडातोंडी आलेला. कागदावर कुठे नाही. अक्का स्वयंपाकघरात दिवसभर तोच गुणगुणत होत्या. बारशाला आठ दिवस होते.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. या वाक्याबद्दल अण्णांनी मला शेवटपर्यंत क्षमा केली नाही.

पहिला दिवस खोक्यातच गेला. खोक्यावरच्या यादीप्रमाणे आत सगळं आहे का ते वर्तमानपत्र अंथरून तपासलं. सिमचा कप्पा उघडायची पिन मापून झाली. दुसऱ्या दिवशी आतली घडीची पुस्तिका भिंगाखाली धरून पाठपोट वाचून झाली. तिसऱ्या दिवशी फोन चालू केला आणि भाषा विचारल्याबरोबर अण्णांनी अभिमानानं मराठी निवडली. पुढच्याच पडद्यावर कोपऱ्यात शब्द आला: 'वगळा'.

"वगळा? कुणाला वगळू?"

"कुणाला नाही हो, ही पायरी वगळा. म्हणजे सोडून पुढे जा."

"मग तसं लिहायचं की! हे कुठलं मराठी? तीनशे वर्षं मी बाहेर आहे म्हणून मला येत नाही, का ज्यानं लिहिलंय त्याला येत नाही?"

मग फोननं बोटाचा ठसा मागितला. अण्णांना तो अपमान वाटला. "मी शिकलेला माणूस आहे. अंगठा कशाला? सही घे म्हणावं." फोन सही घेत नाही असं मी सांगितलं. "मग असल्या अंगठेबहाद्दराबरोबर व्यवहार कसा करायचा?" असं म्हणून त्यांनी सहा आकडी पिन घातली आणि ती कुठेही लिहून ठेवली नाही, अक्कांनाही सांगितली नाही. चोख माणूस.

पाचव्या दिवशी हवामानाचं ॲप उगवलं. फोनबरोबर आधीच घालून येतं, विचारून येत नाही. त्यानं अण्णांच्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली.

"पाऊस कधी येणार ते सांगायला ह्याला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला?"

मी काहीतरी पुटपुटलो. अण्णांनी पडदा भिंगाखाली धरला. खाली 'परवानगी द्या' असं हिरवंगार, जाडजूड बटण होतं. त्याच्याही खाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढं, 'आत्ता नको'. अण्णांनी कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढलं आणि काचेला ओरखडा न पडू देता दोन्ही अक्षरांची उंची मापली.

"'नको' हे 'हो'च्या निम्म्याहूनही बारीक आहे. हे चुकून झालेलं नव्हे. चुकून झालेलं वाकडं असतंय, हे मुद्दाम सरळ केलंय. ह्याचं ड्रॉइंग कोण पास केलं?"

मी केलं होतं. ते ॲप आमच्याच कंपनीचं होतं आणि ते बटण माझं होतं. लोकांनी न वाचता 'हो' म्हणावं, हीच माझी नोकरी. 'नको' जितकं दिसेनासं करावं तितके लोक खूश होतात, असं आमच्याकडे मानतात. निदान वरचे लोक खूश होतात. त्या मुंगीएवढ्या अक्षरासाठी मला सगळ्या टीमसमोर प्रशस्तिपत्र मिळालं होतं. माझ्या बायकोनं ते फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. मी कॅलिपर उचलून कपाटात ठेवायला गेलो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि "सरी" म्हणून मुंगी दाबली.

राहिलं होतं ते व्हिडिओ कॉलचं ॲप. त्याच्या अटी एवढ्या लांब होत्या की पडदा सरकवून अण्णांचं बोट दुखायला लागलं. शेवटी मी त्या ऑफिसात छापून आणल्या. एक्केचाळीस पानांचा गठ्ठा झाला. अण्णा रोज चार वाजता भिंग घेऊन बसत आणि शंकांना लाल पेन्सिलीनं खुणा करत. बारशाच्या दिवशी ते नवव्या पानावर होते.

संध्याकाळी सातला तिकडे सकाळ होणार होती. अक्का सहापासूनच मैसूर सिल्क नेसून, केसात मोगरा माळून खुर्चीत बसल्या होत्या. समोर तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. त्यावर एकच प्रश्न: 'सहमत व्हा आणि पुढे चला'. शेजारी अण्णा, मांडीवर गठ्ठा.

"अहो, दाबा की."

"बत्तीस पानं राहिलीत."

"लग्नात भटजी संस्कृतात काय काय म्हणाला, वाचून बघितलात? मान हलवलात नव्हे? चाळीस वर्षं झाली, काय बिघडलं?"

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या भांडत होत्या त्यापेक्षा ते बघवेना. सातला पाच मिनिटं असताना मी खिशातून माझा फोन काढला. "अण्णा, यावरून लावू. माझ्यात सगळं तयार आहे."

अण्णांनी माझ्या फोनकडे पाहिलं. "तुम्ही तर सगळ्यालाच हो म्हणून बसलाय," ते म्हणाले. "तिथं बारसं बघितलं तर चूक तुमच्या नावावर जाईल. नात माझी आहे. माझ्या घरची चूक माझ्याच सहीनं होऊ दे."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि 'सहमत व्हा' दाबलं. पुढच्या मिनिटाला पडद्यावर सुमन आली आणि तिच्या हातात ते गुंडाळलेलं गाठोडं. अक्कांनी पाळणा सुरू केला. त्यांचा आवाज दुसऱ्याच ओळीला फुटला, पण तिकडे बाळ रडायचं थांबलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते पडदा बघत नव्हते. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून स्लिप भरत होते.

काय चुकलं: न वाचता मान्य केले. कारण: नात. जबाबदार: स्वतः. शेवटचा रकाना रिकामा.

नंतर अक्का शिरा वाटायला आत गेल्या तेव्हा मला राहवेना. "अण्णा, ते हवामानवालं बटण मी केलंय."

"ठाऊक आहे. तुमचे कान लाल झालते तेव्हाच कळालं." त्यांनी पॅडमधली एक कोरी स्लिप फाडून मला दिली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "भरा. घाई नाही."

मी वर जाऊन पहिला रकाना भरला. कारण काही सुचेना. ऑफिसात मीटिंगमध्ये तेवढं 'नको' मोठं करू या असं मी एकदा सुचवून पाहिलं. साहेब हसले आणि म्हणाले, कुणी तक्रार केली आहे का? तक्रार करणारा एकच होता आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. स्लिप कपाटात गेली.

अण्णांनी मात्र आपली स्लिप बंद करायचा ध्यास घेतला. दाबलं ते दाबलं, आता निदान कशाला हो म्हटलं ते तरी वाचायला पाहिजे. रोज चार वाजता भिंग आणि गठ्ठा. नात पालथी पडली, रांगायला लागली, आजोबांना 'आन्ना' म्हणायला लागली. आजोबा विसाव्या पानावर. तिसाव्या पानाच्या पुढे गेले आणि फोनवर निरोप आला: आमच्या अटी बदलल्या आहेत. मी भीत भीत नवा गठ्ठा छापून आणला. अण्णांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. असं दोनदा झालं. "आमच्या कारखान्यात माल पास झाल्यावर ड्रॉइंग बदललं असतं, तर चौकशी लागली असती," एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या गठ्ठ्याच्या चौतिसाव्या पानावर अण्णा गेले. ताप आला, चार दिवस अंथरुणावर होते, पाचव्या दिवशी सकाळी संपलं. बंगळूरमध्ये मला वडिलांसारखं ओरडणारं एकच माणूस होतं, ते गेलं. मला अजून कधी कधी जिन्यात 'काय साफ्टवेअर' ऐकू येतं.

तेरावा झाल्यावर अक्कांनी मला खाली बोलावलं. टेबलावर तो गठ्ठा होता, चौतिसाव्या पानात खूण म्हणून घातलेली उदबत्तीची काडी, आणि वर ती स्लिप. "एवढं बंद करा," अक्का म्हणाल्या. "उघडं टाकून गेले. जीव अडकला असेल त्यांचा ह्यात."

मी बसलो आणि राहिलेली सात पानं मोठ्यानं वाचली. एकही ओळ गाळली नाही. अक्का हात जोडून ऐकत होत्या, पोथी ऐकावी तसं. शेवटच्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की या अटी आम्ही केव्हाही बदलू शकतो.

"अय्यो," अक्का म्हणाल्या, "हे पहिल्याच पानावर सांगायचं की! स्वल्प तरी विश्रांती मिळाली असती त्यांना." आणि मग त्या रडल्या.

शेवटच्या रकान्यात तारीख घालून मी सही केली. म्हशीनंतर वाचून केलेली ती माझी पहिली सही.

वर आलो. कपाटातून माझी स्लिप काढली, दोन वर्षं तशीच पडली होती. जबाबदार: स्वतः. बंद कधी केलं, हा रकाना रिकामाच ठेवावा लागला, कारण ते बटण अजून फोनाफोनांत तसंच आहे. राहिलं कारण. मोठाली कारणं मनात येऊन गेली. अण्णांनी त्यातल्या एकावरही शिक्का मारला नसता. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं: कुणी वाचत नाही असं वाटलं होतं.